मीठ फेका, निळ्या गोळ्या टाका, निवांत झोपा?

कुंडीवाली_मुलुंड: काल इथे कुणीतरी लिहिलं, "गोगलगायी झाल्या की मूठभर मीठ फेका, निळ्या गोळ्या टाका, निवांत झोपा." त्याला लाइक ९०! अहो, मीठ कुंडीतच राहतं. गेल्या वर्षी मी हेच केलं. आधी गोगलगायी गेल्या, पाठोपाठ मोगरा. निळ्या गोळ्या म्हणजे मेटाल्डिहाइड. कुत्री-मांजरं खाऊ समजून खातात. आमच्या जिन्यातली मनी झटके येऊन गेली, गोळ्या कुणी टाकल्या ते अजून कुणी कबूल करत नाही. त्यापेक्षा गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट रात्री कुंड्यांमध्ये पसरा. सकाळी उचलून बघा, खाली जत्रा भरलेली असते. हातमोजे घालून वेचा, त्यांच्यात मेंदूला त्रास देणारे जंत असू शकतात.

गच्चीवाला_गोरेगाव: वेचा म्हणे! तुमच्या कुंड्या बारा, माझ्या ऐंशी. घरी पोचायला साडेनऊ होतात. दुधीच्या रोपांचे एका रात्रीत नुसते देठ उरले, तेव्हा कुणी आलं नाही वेचायला. शिवाय ही शंखी गोगलगाय इथली नाहीच. मूळची आफ्रिकेची, १८४७ साली एका हौशी साहेबाने मॉरिशसहून कलकत्त्याला आणली. तिच्यासाठी वन्यजीव-वन्यजीव म्हणून गळे काढू नका.

कुंडीवाली_मुलुंड: गोगलगायीची दया कोण करतंय? मला काळजी भारद्वाजाची आहे. आमच्या आंब्याखाली फुटक्या शंखांचा ढीग पडतो, तो त्याच्या जेवणाचा. बेडूकही शेंबड्या गोगलगायी गिळतात. काजव्याच्या अळ्याही गोगलगायींवर ताव मारतात, पण काजवे आता आणायचे कुठून?

दहिसरचे_आजोबा: कसले भारद्वाज घेऊन बसलात? कबुतरांचं बोला! कोथिंबीर पेरली की दाणे फस्त, पालक कोंब फुटल्या फुटल्या मुळासकट बाहेर. जाळी लावली तर त्यात साळुंकी अडकली, सोडवताना बोट फोडलंन मेलीने. २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला तेव्हा मी पेढे वाटले होते.

पार्लेकर_ताई: पेढे? मुक्या जिवांच्या पोटावर पाय दिला म्हणून? आमच्याकडे सासऱ्यांपासून रोज ज्वारी घालतात. पुण्याचं काम आहे.

दहिसरचे_आजोबा: पुण्य तुमच्या सासऱ्यांना, विष्ठा आमच्या एसीवर. सौ.चा खोकला चार महिने हटेना. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "खिडकीत कबुतरं बसतात का?" आता ती जिना चढताना दोनदा थांबते.

पार्लेकर_ताई: त्यांचं वाईट वाटलं. पण माझे सासरे हयात नाहीत, त्यांना मध्ये ओढू नका.

दहिसरचे_आजोबा: ओढलं तुम्हीच, ज्वारीसकट.

गच्चीवाला_गोरेगाव: धागा गोगलगायींचा होता ना? ताई, एरवी गोडगोड बोलता, पण तुमचं म्हणजे गोगलगाय आणि पोटात पाय.

पार्लेकर_ताई: आता माझ्यावर घसरलात! चालू द्या.

लातूरकर_सध्या_कांदिवली: शहरातल्यांनो, २०२२ चा पावसाळा आम्हाला विचारा. सोयाबीन दोन पानांवर आलं आणि गोगलगायींनी शिवारच्या शिवार साफ केलं. दुबार पेरणी करावी लागली. बाबांनी गोळ्या टाकल्या. रात्री पाऊस झाला, सकाळी त्यांचा नुसता लगदा. शेवटी आख्खी वाडी टॉर्च घेऊन बांधावर उतरली, पोती भरभरून वेचल्या. एकट्याने वेचून उपयोग नाही, शेजारच्या रानातून परत येतात. एकेक जण शंभरावर अंडी घालते, नर-मादी असा भेदच नाही. आणि दादा, तुम्हाला ऐंशी कुंड्या जड वाटतात? दिवसा त्या कुंडीच्या बुडाखाली झोपलेल्या असतात. रविवारी सकाळी कुंड्या कलवा.

गच्चीवाला_गोरेगाव: कलवल्या. त्रेचाळीस निघाल्या, अंडी वेगळी. बरं बाबा, तुम्ही जिंकलात, हार पाठवू का? गोळ्यांचा डबा फेकलेला नाही, माळ्यावर ठेवलाय. आता ही बादली पलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर ओतू का?

कुंडीवाली_मुलुंड: अजिबात नाही! साबणाच्या दाट पाण्यात बुडवा. मीठसुद्धा चालेल, पण बादलीत, कुंडीत नाही. अंडी चिरडा.

गच्चीवाला_गोरेगाव: म्हणजे मीठवाला अगदीच चुकला नव्हता.

कुंडीवाली_मुलुंड: मोगरा तुम्ही भरून देणार का?

दहिसरचे_आजोबा: आणि कबुतरं?