काबुतोवरचा लेप: ‘लाख’ म्हणावं का?

कोशवाचक: जपानी योद्ध्यांच्या, म्हणजे सामुराईंच्या, शिरस्त्राणाबद्दल (काबुतो) मराठीत ‘लाखेचा लेप दिलेला जिरेटोप’ असं सर्रास लिहिलं जातं. यातले दोन्ही शब्द खटकतात. शिवाय ‘हाची’, ‘शिकोरो’, ‘फुकिगाएशी’ या त्याच्या भागांना काय म्हणावं?

घणऐरण: ‘जिरेटोप’ नकोच, त्या शब्दासरशी शिवाजी महाराजांचं चित्र डोळ्यांपुढे उभं राहतं. ‘शिरस्त्राण’ किंवा नुसतं ‘टोप’ पुरे. ‘हाची’ म्हणजे डोक्यावर बसणारी लोखंडी वाटी. तिचे प्रकार मात्र नीट सांगायला हवेत. ‘सुजी-बाची’त वर निमुळते होत जाणारे पत्रे एकमेकांवर चढवून रिव्हेटनं (ठोकून पक्क्या केलेल्या खिळ्यांनी) जोडतात. प्रत्येक पत्र्याची एक कड बाहेर उभी वळवलेली असते आणि रिव्हेटची डोकी घासून सपाट करतात, म्हणून वरून फक्त उभ्या रेघा दिसतात. त्यांना ‘कंगोरे’ हा आपला शब्द चपखल बसतो. 62 पत्र्यांच्या टोपात पत्रे इतके अरुंद असतात की एकावर एक चढून जवळजवळ सगळीकडे जाडी दुप्पट होते. रिव्हेटची डोकी मुद्दाम उठावदार ठेवली, तर ती ‘होशी-बाची’. ‘होशी’ म्हणजे तारा.

कोशवाचक: आणि शिकोरोला ‘झालर’?

घणऐरण: आपल्याकडच्या टोपांना कड्यांची झालर असते, तिथे तो शब्द योग्य. शिकोरो म्हणजे रेशमी दोरीनं एकाखाली एक ओवलेले आडवे वक्र पट्टे. ‘मानपट्टे’ म्हणा. वरच्या पट्ट्यांची पुढची टोकं बाहेर वळवलेली असतात, ती फुकिगाएशी. तिथे ‘वळते कान’ चालेल. टोप उचलताना या कानांना किंवा मानपट्ट्यांना धरू नये, जुनी दोरी तुटते. दोन्ही हात वाटीखाली हवेत. काळ्या-तपकिरी दोऱ्या आधी कुजतात, कारण त्या रंगात लोह असतं आणि ते रेशीम खातं.

रोगणकार: आता ‘लाख’. इथे चूक शब्दापुरती राहत नाही. लाख किड्यापासून मिळते आणि उष्णतेनं वितळते. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवर फिरत्या लेथवर तीच चढवतात. काबुतोवर असतो ‘उरुशी’, झाडाचा चीक. हे झाड आपल्या बिब्ब्याच्याच कुळातलं, म्हणून ओला चीक लागला की अंगावर बिब्ब्यासारखंच उततं. तो उन्हात वाळत नाही. साधारण 20 ते 25 अंश तापमान आणि 70 ते 80 टक्के दमटपणा असलेल्या बंद कपाटात तो घट्ट होतो. हवा कोरडी असली तर चिकटच राहतो. एकदा पक्का झाला की उष्णतेनं पुन्हा वितळत नाही.

घणऐरण: पण लोखंडावर तो भाजूनही बसवतात ना?

रोगणकार: हो, खालचा थर. पत्रा तापवला की चीक लोखंडाला घट्ट धरतो, वरचे थर दमट कपाटातच पक्के होतात. तरी रिव्हेटच्या भोकातून पाणी शिरलं की आत गंज फुगतो आणि लेपाचे पोपडे उडतात. कोणी ‘लाख’ समजून पोपडा गरम करून बसवायला गेला, तर लेप करपतो, चिकटत नाही. उन्हानं चकाकी जाते, तीही परत येत नाही.

कोशवाचक: मग टोपाशेजारच्या माहितीफलकावर असं लिहूया: ‘लोखंडी कंगोरेदार टोप, उरुशी चिकाचा लेप, रेशमी दोरीनं ओवलेले मानपट्टे.’

रोगणकार: चालेल. पत्र्यांची संख्याही द्या. कंगोरे मोजले की ती कळते.