मानेचे व्यायाम : आधी खोल स्नायू, मग ताकद

निखिल, ए-३०२ : कपाळाला तळहात लावून दाबायचा व्यायाम ग्रुपवर फिरतोय. जुन्या मानदुखीत थेट तोच करायचा, की आधी हनुवटीचा? अनघाताई, सांगाल का?

अनघाताई, बी-५०१ : आधी हनुवटीचाच. मणक्यांना पुढून चिकटून बारीक, खोल स्नायू असतात. दुखणं जुनं झालं की ते सुस्तावतात आणि त्यांचा भार वरचे मोठे स्नायू वाहतात. सुरुवातीलाच जोर लावला तर मोठेच आणखी ताठतात.

पाठीवर झोपा, गुडघे वाकवा. कपाळ आणि हनुवटी एका पातळीत हवी. हनुवटी वर जात असेल तर डोक्याखाली टॉवेलची घडी घाला. मग हळूच ‘हो’ म्हटल्यासारखी हनुवटी खाली, गळ्याकडे घ्या. डोकं उचलायचं नाही, गादीत रुतवायचंही नाही. १० सेकंद धरा, सोडा. असं १० वेळा.

कुलकर्णी काका, सी-२०४ : बहुतेकांचं नेमकं इथेच चुकतं. कानामागून गळ्याच्या खळगीकडे दोन जाड दोऱ्या येतात, त्यांवर बोटं ठेवून बघा. त्या टणक झाल्या की समजायचं, जोर जास्त झाला. निम्मा करा. १० सेकंद जमत नसतील तर ३ च धरा. दात विलग, श्वास चालू.

अनघाताई : अगदी बरोबर काका. फिजिओकडे मानेखाली दाब दाखवणाऱ्या काट्याची हवेची पिशवी ठेवून २० मिमी पाऱ्याच्या दाबावर सुरुवात करतात आणि २-२ ने ३० पर्यंत नेतात. काटा थरथरला की खालच्या पायरीवर परत.

निखिल : आणि नुसतं स्ट्रेचिंग केलं तर?

काका : तेवढ्याने भागत नाही. फिनलंडमध्ये ऑफिसात काम करणाऱ्या १८० स्त्रियांवर वर्षभर अभ्यास झाला होता, २००३ मध्ये छापून आला. एका गटाने बसून, डोक्याला इलॅस्टिक पट्टा लावून जोराचे व्यायाम केले. दुसऱ्याने झोपून डोकं उचलायचे, २० चे ३ सेट. दोघांनी खांदे-हातांसाठी डंबेल्सही वापरले. तिसऱ्या गटाला फक्त एरोबिक आणि स्ट्रेचिंग. दुखणं पहिल्या दोन गटांचं जास्त उतरलं. पण वर्षभर केलं होतं त्यांनी, हे विसरू नका. लोक दहा दिवसांत सोडतात.

निखिल : मग तळहाताचा कधी?

अनघाताई : दोऱ्या न ताठता १० सेकंद १० वेळा जमले की. तळहात नको, सुरुवातीला दोन बोटांचाच दाब. कपाळ, मागची बाजू, दोन्ही कानशिलं. प्रत्येकी ५-६ सेकंद, ५ वेळा. डोकं जागचं हलता कामा नये. हललं तर हात जिंकला, दाब कमी करा. करताना थोडं दुखलं तर चालेल, दुसऱ्या दिवशीही ठणकत राहिलं तर जोर उतरवा.

काका : हातात मुंग्या किंवा अशक्तपणा, बटणं लावताना बोटं अडखळणं, चालताना तोल जाणं, लघवीवर ताबा न राहणं, ताप, किंवा पडल्या-आपटल्यानंतरचं दुखणं असेल तर यातलं काहीही करू नका. आधी डॉक्टर.