गॅप ‘पडला’ की ‘घेतला’?

प्रश्न : भाचीची बारावी झाली. नीटचे मार्क सरकारी मेडिकलपर्यंत पोचले नाहीत, म्हणून यंदा थांबून पुढच्या वर्षी पुन्हा बसायचं तिनं ठरवलंय. आता आजी म्हणते ‘वर्ष वाया गेलं’, क्लासवाले म्हणतात ‘ड्रॉपर’, शेजारचे ‘घरीच बसलीय’. याला बरा मराठी शब्द कुठला? ‘खंड’ चालेल का? आणि हे वर्ष तिनं कसं घालवावं, तेही सांगा.

उत्तर : नामाआधी क्रियापद बघा. खंड पडतो, गॅप पडतो. ड्रॉप घेतात, रजा घेतात. बापाचा माग बंद पडला, घरात आजारपण आलं आणि शिक्षण थांबलं, तर ‘खंड पडला’ अगदी बरोबर. तुमच्या भाचीनं विचार करून थांबायचं ठरवलंय, तेव्हा तिनं गॅप ‘घेतला’. ‘राखीव वर्ष’ असंही कुणी सुचवेल; पण प्रवेशाच्या बोलण्यात राखीव म्हटलं की कोटाच आठवतो. ‘वाया’ मात्र आजीला बोलू देऊ नका, पोरगी ऐकत असते.

आपल्या सोलापूर जिल्ह्यात याला जवळचा शब्द आहे : पड. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात पावसाळ्यात पेरत नाहीत. रान पड टाकतात, कुळवाच्या पाळ्या देऊन ओल धरून ठेवतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात त्या ओलीवर ज्वारी पेरतात. पडीक रान निराळं, तिकडं कुणी फिरकतसुद्धा नाही.

दुसरं उत्तर : ‘पड’ शब्द छान, पण शहरातल्या पोरांना तो ‘पडीक’च ऐकू येईल. शिवाय ‘गॅप इयर’ हे नावही इथं पुरतं बसत नाही. ब्रिटनमध्ये काही मेडिकल कॉलेजं मिळालेली जागा वर्षभर राखून ठेवतात, मग मुलं निर्धास्त फिरतात. आपल्याकडं नीटचा निकाल त्याच वर्षाच्या प्रवेशापुरता. परीक्षा डोक्यावर असतेच, म्हणून ‘ड्रॉप घेतलाय’ हेच मला खरं वाटतं.

वर्षाचं म्हणाल, तर आधी गेल्या खेपेचे मार्क कुठं गेले ते काढा. १८० प्रश्न, ७२० गुण. त्यातले ३६० एकट्या जीवशास्त्राचे, आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. जीवशास्त्र पक्कं असून फिजिक्समध्ये मार खाल्ला असेल, तर तिन्ही विषयांची बॅच पहिल्यापासून पुन्हा लावण्यात अर्थ नाही. फिजिक्सलाच सकाळ द्या.

संध्याकाळचा तासभर मात्र भाषेला द्यावा, असं माझं ठाम मत आहे. ही डॉक्टर सोलापुरात बसली, तर अक्कलकोटकडून कन्नड बोलणारे येणार, शहराच्या पूर्व भागातून तेलुगू बोलणारे. ‘कुठं दुखतंय?’ हे कन्नडमध्ये ‘एल्ली नोवु?’, तेलुगूत ‘एक्कड नोप्पी?’. एवढं तर आठवड्यात येतं. खरी अडचण ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांची. तेलुगू म्हातारी ‘आयासम’ म्हणाली, की मराठी कानाला ‘आयास’, म्हणजे कष्ट, थकवा वाटतो. ती सांगत असते की दम लागतोय, धाप लागतेय. दोन्हीचं मूळ एकच संस्कृत, पण त्या म्हातारीचं हृदय आणि छाती लगेच तपासायला हवी. हा फरक कुठल्या क्लासात शिकवणार? आपल्याच सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले, तेव्हा तेही तिथली भाषा शिकलेच.

प्रश्नकर्ती : फिजिक्सच गेलंय, बरोबर ओळखलंत. आजीला ‘गॅप घेतलाय’ म्हणायला सांगितलं, तिला ‘पड’ जास्त पटला. तिचं माहेर मंगळवेढ्याचं. वाड्यातल्या पद्मशाली काकू रोज संध्याकाळी तेलुगू शिकवायला तयार आहेत. कन्नडमध्ये धाप लागण्याला काय म्हणतात, कुणी सांगेल का?