गूगल अ‍ॅड्स: दोन लँडिंग पेजेसची (जाहिरातीवर क्लिक केल्यावर उघडणाऱ्या पानांची) चाचणी नीट कशी लावावी? (मदत हवी आहे)

नाशिक आणि भोवतालच्या २५ किमीत घरगुती रूफटॉप सोलरसाठी सर्च कॅम्पेन चालू आहे. दिवसाचं बजेट १,५०० रुपये, क्लिक सरासरी ३० रुपयांना, म्हणजे रोज ५० क्लिक. बिडिंग (क्लिकसाठीची बोली) मॅक्सिमाइज कन्व्हर्जन्सवर, म्हणजे बजेटात जास्तीत जास्त कन्व्हर्जन (इथे चौकशा) मिळवण्याचं काम गूगलवर. एकाच अ‍ॅड ग्रुपमध्ये दोन जाहिराती आहेत. मजकूर तोच, फायनल यूआरएल (क्लिकनंतर उघडणाऱ्या पानाचा पत्ता) वेगळी.

पान ‘अ’ इंग्रजी, वर पॅनेलचा फोटो, खाली सात रकान्यांचा फॉर्म. पान ‘ब’ मराठी, उघडताच ‘महिन्याचं वीजबिल किती येतं?’ हा प्रश्न, मग नाव आणि मोबाइल, बस.

१४ दिवसांत ‘अ’ला ४३० क्लिक आणि १३ फॉर्म, ‘ब’ला २७० क्लिक आणि १४ फॉर्म. ‘ब’ जिंकलं असं धरून ‘अ’ बंद करू का? आणि क्लिक निम्मे-निम्मे का वाटले गेले नाहीत? जाणकारांनी कृपया सांगावं.

आकडेमोड:
इतक्यात बंद करू नका. ३ टक्के आणि ५.२ टक्के हा फरक डोळ्यांत भरतो खरा, पण एकूण फॉर्म २७च आहेत. दोन्ही पानं अगदी सारखी असती, तरी एवढा किंवा याहून मोठा फरक साधारण सातातून एकदा निव्वळ योगायोगानं दिसला असता.

त्याहून मोठी अडचण वाटणीची आहे. स्मार्ट बिडिंग (तुमचं मॅक्सिमाइज कन्व्हर्जन्स त्यातलंच) चालू असलं की जाहिरातींचं रोटेशन, म्हणजे कोणती किती दाखवायची, हे गूगल स्वतःच ठरवतं. ‘डू नॉट ऑप्टिमाइझ’ निवडलं तरी उपयोग नाही. कुठल्या शोधाला, कुठल्या वेळी, कुठल्या फोनवर कोणती जाहिरात दाखवायची हे तेच निवडतं. त्यामुळे ‘अ’वर आलेली माणसं आणि ‘ब’वर आलेली माणसं मुळातच वेगळी असू शकतात. ही तुलना पानांची राहत नाही.

पानांच्या चाचणीचं गूगल ऑप्टिमाइझ हे साधन सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झालं, पण तुमच्या कामाला अ‍ॅड्समधलंच कस्टम एक्सपेरिमेंट पुरेसं आहे. त्यात वाटणी ५० टक्के ठेवा आणि कुकी-बेस्ड निवडा, म्हणजे तोच माणूस दोनदा शोधून आला तरी शक्यतो त्याच गटात राहील. सर्च-बेस्ड वाटणीत तो आज ‘अ’ बघेल, उद्या ‘ब’. मूळ कॅम्पेनमध्ये फक्त ‘अ’ची जाहिरात ठेवा, प्रयोगाच्या कॅम्पेनमध्ये फक्त फायनल यूआरएल बदला. बदललेली जाहिरात पुन्हा तपासणीला जाते, म्हणून सुरुवातीची तारीख तीन-चार दिवस पुढची द्या. नाहीतर एक बाजू आधी धावायला लागते.

आणखी तीन गळत्या बघा. कीवर्डला स्वतंत्र यूआरएल दिली असेल तर ती जाहिरातीच्या यूआरएलला मागे टाकते. साइटलिंक्स (जाहिरातीखालच्या जादा लिंक्स) लोकांना भलत्याच पानावर नेतात. आणि एआय मॅक्स (सर्च कॅम्पेनमधली गूगलची एआय सोय) चालू असेल तर त्यातलं फायनल यूआरएल एक्स्पान्शन बंद करा, ते तुमच्या साइटवरचं तिसरंच पान उघडेल.

टॅगवाली:
वरच्याशी सहमत. पण मोजणी बरोबर आहे का हे आधी बघा. घरगुती सोलरची चौकशी करणारे बरेच जण फॉर्म न भरता थेट फोन किंवा व्हॉट्सअ‍ॅप करतात. हे दोन्ही क्लिक मोजले जात नसतील तर ठळक फोन नंबर असलेलं पान उगाच हरल्यासारखं दिसेल. दोन्ही पानांवर तेच कन्व्हर्जन अ‍ॅक्शन, आणि काउंट ‘वन’, म्हणजे एका क्लिकमागे एकच चौकशी मोजली जाईल.

मग पत्त्यामागे ?gclid=test123 (जीसीएलआयडी म्हणजे गूगल प्रत्येक क्लिकला देतं ती ओळखखूण) जोडून पान उघडा आणि फॉर्म भरा. धन्यवादाच्या पानापर्यंत किंवा फॉर्मच्या लपलेल्या रकान्यापर्यंत तो मजकूर पोचला पाहिजे. मध्ये रीडायरेक्ट असेल तर तिथेच तो गळतो.

‘ब’ची मला एक धास्ती वाटते: तीन रकान्यांच्या फॉर्ममधून भाडेकरू आणि फ्लॅटवालेही येतात, ज्यांच्याकडे स्वतःचं छप्परच नाही. ‘घर स्वतःचं आहे का?’ एवढा एक प्रश्न वाढवा. जीसीएलआयडी जपून ठेवलात तर साइट पाहणी झालेल्या लीड्स ९० दिवसांच्या आत ऑफलाइन (साइटबाहेर घडलेलं) कन्व्हर्जन म्हणून गूगलवर चढवता येतात. खरा निकाल तिथे कळेल.

मराठी पानाचा वेगही तपासा. जोडाक्षरांमुळे देवनागरी वेबफॉन्ट जड असतो. मोबाइलवर एलसीपी (पानाचा सर्वांत मोठा भाग दिसायला लागणारा वेळ) २.५ सेकंदांच्या आत हवा; फॉन्टला font-display: swap लावा (तो उतरेपर्यंत साध्या फॉन्टमध्ये मजकूर दिसतो), एकच वजन (अक्षरांची जाडी) ठेवा.

धागाकर्ता:
फोनचे क्लिक खरंच मोजत नव्हतो, आता लावतो. दोन प्रश्न राहिले. भाषा आणि फॉर्म एकदमच बदललेत, हे चुकलं का? आणि चाचणी किती दिवस चालवू?

आकडेमोड:
दिवसाला ५० क्लिक असताना एकेक गोष्ट सुटी तपासत बसणं परवडत नाही. मोठा बदल एकत्रच करा. कशामुळे फरक पडला हे कळणार नाही, पण कोणतं पान ठेवायचं हे कळेल. बटणाचा रंग वगैरे तर सोडूनच द्या.

दिवसांचा ढोबळ हिशेब असा: दोन्ही दरांची सरासरी काढा, तिला (१ वजा ती सरासरी) ने गुणा, पुन्हा १६ ने गुणा आणि दरांतल्या फरकाच्या वर्गानं भागा. उत्तर म्हणजे प्रत्येक पानाला लागणारे क्लिक. ३ वरून ४.५ टक्के पकडायचं तर सुमारे २,५७० क्लिक. तुम्हाला प्रत्येक बाजूला रोज २५ मिळणार, म्हणजे साडेतीन महिने. ३ वरून ६ पकडायला ७६५ पुरतात, महिनाभराचं काम. फोन-व्हॉट्सअ‍ॅप धरून मूळ दर ८ टक्के निघाला, तर ८ वरून १२ पकडायला ९०० क्लिक, म्हणजे ३६ दिवस. मोजणी सुधारण्याचा हा दुसरा फायदा.

दिवस आधी ठरवा, पूर्ण आठवड्यांत. पहिला आठवडा बिडिंग शिकण्यात जातो, तो हिशेबात धरू नका. मध्येच आकडे बघून ‘जिंकलं’ म्हणून थांबलात की योगायोगालाच निकाल समजण्याची शक्यता खूप वाढते.

टॅगवाली:
भाषेबद्दल एक राहिलं. मराठीत टाइप केलेले आणि इंग्रजीत टाइप केलेले शोध वेगळ्या अ‍ॅड ग्रुपमध्ये ठेवा, निकालही वेगळे वाचा. ‘३ किलोवॅट सोलर किंमत’ शोधणाऱ्याला पानावर पहिल्या पडद्यातच किंमत आणि केंद्राच्या सूर्यघर योजनेचं ७८,००० रुपयांचं अनुदान वजा जाता पडणारा खर्च दिसला पाहिजे. ‘सूर्यघर योजना अर्ज’ शोधणाऱ्याला मात्र सरकारी पोर्टल हवं असतं. असे शब्द निगेटिव्ह कीवर्डमध्ये टाका, म्हणजे त्या शोधांवर जाहिरात दिसणार नाही. आणि ‘ब’वर राजमुद्रा किंवा योजनेचं बोधचिन्ह असेल तर आजच काढा. सरकारी पान असल्याचा भास झाला तर जाहिरात नाकारली जाईल आणि प्रयोगाची एक बाजू अर्ध्यावरच थांबेल.