विमान, फोन आणि ‘बंद करून चालू करा’ (अनुभव धागा)

टर्मिनल_दोन
हाताने लिहिलेल्या बोर्डिंग पासचा तो फोटो आज पुन्हा ग्रुपवर फिरत आला, आणि सगळं आठवलं. १९ जुलै २०२४, शुक्रवार. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या कंपनीची एक फाईल आपल्या घड्याळात सकाळी ९:३९ ला सुटली, १०:५७ ला मागे घेतली. तेवढ्या वेळात जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर आडवे, विमानतळांवरचेही, म्हणून पास हाताने.

लोक अजून म्हणतात “सर्व्हर डाउन होता”. मूळ कारण सर्व्हर नव्हता हो. नवी फाईल एकविसावा रकाना वाचायला सांगत होती, प्रोग्रॅमकडे होते वीसच. नसलेली जागा वाचायला गेला आणि कोसळला. तो विंडोजच्या अगदी गाभ्यात चालतो, त्यामुळे मशीन चालू केलं की पुन्हा तेच. उपाय साधा होता: सेफ मोडमध्ये जा, ड्रायव्हर्सच्या फोल्डरात क्राउडस्ट्राइकचं फोल्डर उघडा, सी-०००००२९१ ने सुरू होणारी फाईल उडवा, रीस्टार्ट. पण मशीन सुरूच होत नसेल तर दुरून कसं उडवणार? प्रत्येक कॉम्प्युटरपाशी माणूस जायला हवा. त्यात डिस्कला बिटलॉकरचं कुलूप लावलेलं असेल तर आधी ४८ अंकी किल्ली टाका. किल्ल्या ठेवलेल्या कुठे? काही ठिकाणी त्याच बंद पडलेल्या सर्व्हरवर.

तर धागा यासाठी: फोन, ॲप, बॅटरी, विमान यात नेमकं काय बिघडतं आणि का, ते लिहा. कुठल्या एअरलाइनने कसं छळलं ते नको, त्याचे शंभर धागे आहेत.

बिट_पलटी
विमानातही सॉफ्टवेअर मागे घ्यावं लागतं. ३० ऑक्टोबर २०२५ ला कॅनकूनहून न्यूअर्कला निघालेलं जेटब्लूचं ए३२० एकाएकी खाली गेलं, टॅम्पाला उतरवावं लागलं. एअरबसने २८ नोव्हेंबरला सुमारे ६००० विमानांसाठी इशारा काढला. तीव्र सौरकिरणांमुळे एलॅक नावाच्या संगणकातली माहिती बिघडू शकते, म्हणून बहुतेक विमानांवर आधीची आवृत्ती चढवली. एलॅक म्हणजे शेपटाकडची नि पंखांची हलती पाती सांभाळणारा. दोन-तीन तासांचं काम. काही जुन्या विमानांना मात्र यंत्रच बदलावं लागणार होतं.

आणि बंद करून चालू करा म्हणाल तर बोईंग ७८७. जनरेटरचं नियंत्रण करणाऱ्या युनिटमध्ये एक मोजणी चालते, सेकंदाच्या शंभराव्या भागात. ३२ बिटांचा आकडा २४८ दिवसांत भरतो. भरला की युनिट सुरक्षित अवस्थेत जातं, आणि विमानातली अशी चारही मुख्य युनिटं एकाच वेळी चालू केलेली असतील तर चारही जातात. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान नियामकाने, एफएएने, आदेश काढला की त्याआधी वीज बंद करून पुन्हा द्या. ए३५० ला २०१७ मध्ये अशीच मुदत आली, १४९ तासांची.

अर्धवट_चहा
म्हणजे आमच्या सोसायटीतला वायफायवाला मुलगा बरोबरच सांगतो 😄 पुढचं वाचायच्या प्रतीक्षेत.

झंपीची_आई
चारही एकदम बंद? वाचून पोटात गोळा आला.

बिट_पलटी
ताई, घाबरू नका. सलग २४८ दिवस कुठलंच विमान चालू ठेवत नाहीत, दुरुस्तीला वीज बंद होतेच. चाचणीत सापडलं, आकाशात नाही.

सेल_सोल्डर
पॉवर बँकेबद्दल कुणीतरी लिहिणारच होतं, मीच लिहितो.

मर्यादा एमएएचमध्ये नाही, वॉट-तासांत आहे. एमएएच गुणिले व्होल्ट भागिले १०००. व्होल्ट सेलचे घ्यायचे, ३.७. यूएसबीचे ५ घेतले की हिशोब चुकतो. १०,००० म्हणजे ३७, २०,००० म्हणजे ७४, २७,००० म्हणजे ९९.९ वॉट-तास. १०० पर्यंत बिनपरवानगी, १०० ते १६० एअरलाइनला विचारून आणि जास्तीत जास्त दोन, त्यापुढे नाहीच. ३०,००० ची बँक १११ होते, म्हणजे ‘विचारून’ गटात.

तपासणीवर बँक जाते ती बहुतेक वेळा क्षमतेमुळे नाही, पुसलेल्या छापामुळे. आकडा वाचता आला नाही तर जवान तरी काय करणार. नवी घेतल्याबरोबर मागच्या छापावर पारदर्शक चिकटपट्टी लावा, संपलं. चीनच्या देशांतर्गत विमानात २८ जून २०२५ पासून ३सी ही तिकडच्या सुरक्षा-प्रमाणपत्राची खूण नसलेली बँक चालतच नाही, तिकडे कामाला असणाऱ्यांनी बघून घ्या.

चेक-इनच्या बॅगेत अजिबात नको. मालाच्या कप्प्यात हॅलॉन वायू सोडून आग विझवतात. ज्वाळा विझते पण सेलच्या आतली उष्णता थांबत नाही, एक सेल दुसऱ्याला तापवत जातो. केबिनमध्ये निदान माणूस बघतो, पाणी ओततो. जागा नाही म्हणून गेटवर हॅण्डबॅग खाली पाठवायला घेतली तर द्यायच्या आधी बँक बाहेर काढा, हे सगळे विसरतात.

उंटावरचा_शहाणा
फुगलेली बँक हमखास घेऊन येतात लोक. “चार्ज होतेय की अजून!” फुगली म्हणजे आत वायू झाला, मग ती चार्ज होत असली तरी बाद. खिळा मारून वायू काढायचे व्हिडिओ आहेत, ते करू नका. ई-कचऱ्यात.

सेल_सोल्डर
+१. आणि फोन सीटच्या फटीत पडला तर सीट मागेपुढे करू नका. फोन चेमटतो नि पेटतो. क्रूला बोलवा, त्यांना सीट उघडता येते.

रनवेशेजारी
पुण्याच्या लोहगाव विमानतळाजवळ ५जी का मिळत नाही हा इथला रोजचा प्रश्न, एकदाच लिहून ठेवतो. विमानातला रेडिओ अल्टिमीटर ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झवर जमिनीकडे लहरी सोडतो आणि परत यायला लागलेल्या वेळावरून उंची काढतो. उतरताना शेवटच्या अडीच हजार फुटांत त्याचं काम. आपलं ५जी ३.३ ते ३.६७ मध्ये, तसं लांब आहे. पण जुन्या अल्टिमीटरांचे फिल्टर ढिले, शेजारचा आवाजही आत घेतात. म्हणून २०२२ च्या नोव्हेंबरात दूरसंचार विभागाने कंपन्यांना सांगितलं की धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २१०० मीटर आणि मधल्या रेषेपासून ९१० मीटर या पट्ट्यात त्या लहरींचे टॉवर नकोत. अमेरिकेत ३.९८ पर्यंतच्या लहरी कंपन्यांना विकल्या, म्हणून जानेवारी २०२२ मध्ये तिकडे गोंधळ जास्त झाला, एअर इंडियाच्याही काही फेऱ्या रद्द झाल्या होत्या.

टॉवर नाही म्हणून फोन ५जी शोधत बसतो आणि बॅटरी खातो. नेटवर्क सेटिंगमध्ये ४जी निवडून टाका, विमानतळावर तरी.

अर्धवट_चहा
विमाननगरात राहणाऱ्यांना भाडं कमी मिळायला हवं मग

रनवेशेजारी
उलट आहे 🙄

वेलदोडा
अवांतर: सुकं खोबरं चेक-इनमध्ये का नाही घेत? नणंदेला शिकागोला पाठवायचं होतं.

सेल_सोल्डर
वेलदोडा, खोबरं आपलंच भाईबंद आहे. धोकादायक मालाच्या यादीत यूएन १३६३, वर्ग ४.२, आपोआप तापणारे पदार्थ. तेलकट असतं, ढिगात हवेशी संयोग होऊन तापत जातं. पोत्यांच्या बाबतीत खरं, दोन वाट्यांत काही होत नाही, पण नियम वाट्या मोजत नाही.

वेलदोडा
आणि लसणाच्या चटणीतलं??

उंटावरचा_शहाणा
चटणीला चटणीच म्हणायचं. घटक विचारल्याशिवाय सांगू नयेत.

कोपऱ्यातली_सीट
बोर्डिंग पासच्या बारकोडबद्दल. फोनवर बहुधा चौकोनी येतो, मध्यभागी एकात एक चौकोन असतात, तो ॲझटेक. कागदावर आडवा पट्टा येतो तो पीडीएफ४१७. ॲझटेकला भोवती पांढरी जागा लागत नाही, पट्ट्याला लागते. म्हणून पट्ट्याचा स्क्रीनशॉट अगदी कडेला कापला की स्कॅनर टीक टीक करत राहतो. डार्क मोडमध्ये उलटे रंग आले तरी तेच. ब्राइटनेस पूर्ण, प्रायव्हसी काच लावली असेल तर फोन सरळ धरा, तिरका नाही.

आत काय लिहिलेलं असतं: नाव, पीएनआर, विमान क्रमांक, सीट, चेक-इनचा क्रम, आणि तारीख वर्षातला कितवा दिवस अशी. १५ ऑगस्ट म्हणजे २२७ (लीप वर्षात २२८). आडनाव आणि पीएनआर मिळाला की कोणीही तुमचं बुकिंग उघडून सीट बदलू शकतो. विमानतळावरून पासचा फोटो टाकायची हौस असेल तर उतरल्यावरही टाकू नका, परतीचं तिकीट बहुतेक त्याच पीएनआरवर असतं. नुसतं नाव झाकून उपयोग नाही, बारकोड झाका.

मधलं_नाव
कोपऱ्यातली, नावाचा मुद्दा राहिला, आणि तो खास आपला आहे. बारकोडात नावाला २० इंग्रजी अक्षरं. कुलकर्णी ८, मधली तिरकी रेघ १, सुनंदा ७, मधुकर ८. झाली २४. पासवर वडलांचं किंवा नवऱ्याचं नाव ‘मध’ वरच तुटतं. पासपोर्टात ‘दिलेलं नाव’ या रकान्यात आपण दोन्ही लिहितो, तिकिटाच्या फॉर्मवर फक्त पहिलं नि आडनाव, आधारवर तिसराच क्रम. माणसाला कळतं, ॲपला कळत नाही.

डिजियात्रात (चेहरा दाखवून विमानतळात शिरायचं ॲप) पास चढवताना “नाव जुळत नाही” येतं ते यामुळेच. तिकीट काढतानाच आधारवर आहे तसं नाव टाका. तिकीट निघालं असेल तर पर्याय दोन: एअरलाइनकडून नाव दुरुस्त करून घ्या (वेब चेक-इनच्या आधी सोपं जातं), नाहीतर त्या दिवशी आधार हातात धरून नेहमीच्या रांगेत. पास चढवताना फोटोपेक्षा मूळ पीडीएफ द्या. आणि मधे विमान बदलायचं असेल तर दोन्ही पास वेगवेगळे चढवायचे. आंतरराष्ट्रीय तिकिटाचं नाव मात्र पासपोर्टाप्रमाणेच, तिथे आधार विसरा.

झंपीची_आई
अगदी अगदी! लग्नानंतर नाव बदललेल्यांचे तर तीन अवतार असतात.
वेब चेक-इनमध्ये सीटचे पैसे न देता पुढे कसं जायचं? बटणच सापडत नाही.

टर्मिनल_दोन
सगळ्या रंगीत सीटच्या खाली, स्क्रीनच्या तळाशी, राखाडी अक्षरात ‘वगळा’ असतं. नाव दर ॲपमध्ये वेगळं. न निवडता पुढे गेलात तर कुठली तरी सीट मिळतेच. लहान मूल असेल तर मुलाचं तिकीट आईवडिलांच्याच पीएनआरवर काढा. एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीएने (आपल्याकडचा विमान नियामक) सांगितलंय की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या एका पालकाशेजारी बसवायचं. वेगळं काढलं की हा हक्क गेला.

काउंटरवर पास छापून द्यायचे वेगळे पैसे मागितले तर जुलै २०२२ चा नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचा आदेश दाखवा. घेता येत नाहीत.

कळसूबाई_रिटर्न
फ्लाइट मोडवर जीपीएस चालतं, हे फार जणांना माहीत नसतं. तो फक्त ऐकतो, बोलत नाही. युक्ती: नकाशा आधीच ऑफलाइन उतरवा, दार बंद व्हायच्या आधी एकदा निळा ठिपका बसू द्या. उपग्रहांचं वेळापत्रक एरवी फोन इंटरनेटवरून घेतो, वर गेल्यावर ते उपग्रहांकडून हळूहळू उतरवावं लागतं, त्यात विमानाचा वेग. फोन काचेला चिकटवून धरा, मधल्या सीटवर आशा सोडा. मुंबई-नागपूरला खाली दिसणारं पाणी कुठल्या धरणाचं यावर शेजाऱ्याशी पैज लावता येते. (लोहगावला मात्र उतरता-चढता फोटो नकोत, हवाई दलाचा तळ आहे.)

दुसरी गंमत, फोनमध्ये बॅरोमीटर असेल तर. वर ३५,००० फुटांवर असताना तो दाखवतो केबिनमधला दाब, ७५० ते ८०० मिलिबार. म्हणजे तुम्ही बसलाय ६ ते ८ हजार फुटांवर. कळसूबाई १६४६ मीटर, जेमतेम ५४०० फूट. चहा पिताना तुम्ही तिच्या वर असता.

वेलदोडा
म्हणून भाकरवडीची पाकिटं फुगतात होय!

कळसूबाई_रिटर्न
हो, हवा तिसऱ्या हिश्शाने वाढायला बघते. स्ट्रॉच्या बाटलीचंही तेच, झाकण दाबलं की कारंजं. आधी मोठं झाकण किंचित सैल करा. शाईचं पेन भरलेलं तरी हवं किंवा रिकामं, अर्धं नको.

लोकल_८_१२
सगळं वाचलं नाही, घाईत. बॅगेत टाकायच्या ब्लूटूथ टॅगबद्दल कुणी लिहिलंय का? चेक-इनमध्ये चालतो का?

सेल_सोल्डर
चालतो. सीआर२०३२ च्या बटण सेलमध्ये लिथियम साधारण ०.१ ग्रॅम, बंदी मोठ्या बॅटऱ्यांना. सेल घेताना पाकीट वाचा: मुलांनी गिळू नये म्हणून कडू थर दिलेले सेल येतात, तो थर काही टॅगमध्ये संपर्क होऊ देत नाही. नवा सेल घालूनही टॅग मेलेला वाटला तर पहिला संशय हाच.

आयफोनवाल्यांना: आयओएस १८.२ पासून टॅगच्या जागेची लिंक एअरलाइनला देता येते. सात दिवसांनी आपोआप बंद होते, बॅग नाही मिळाली तर पुन्हा काढायची.

लोकल_८_१२
धन्यवाद दादा. दादर आलं, उरलेलं संध्याकाळी.

वेलदोडा
नणंद म्हणते खोबरं तिकडे मिळतं. मग इतके दिवस का मागत होती?