दंतवैद्य गेल्यावर दवाखाना चालू ठेवावा की बंद करावा?

पैलतीर (धागाकर्ता)
एकट्याने दवाखाना चालवणारा दंतवैद्य अचानक गेला किंवा पक्षाघाताने अंथरुणाला खिळला, की घरचे आधी दाराला कुलूप लावतात. त्या दुःखात दुसरं काही सुचत नाही, हे मान्य. तरीही दवाखाना निदान काही महिने चालू राहिला पाहिजे आणि त्याची सोय दंतवैद्याने धडधाकट असतानाच लेखी करून ठेवली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

कारण अर्धवट राहिलेली कामं. रूट कॅनालमध्ये औषध ठेवून वर घातलेलं तात्पुरतं सिमेंट काही आठवडेच टिकतं, मग लाळ झिरपते आणि पुन्हा जंतुसंसर्ग होतो. तारा लावलेले दात तर बघायला कोणी नसलं तरी सरकतच राहतात. कोणाचं इम्प्लांट (दाताच्या मुळाच्या जागी बसवलेला स्क्रू) हाडात बसलेलं असतं आणि कॅप लॅबमध्ये अडकलेली असते. अनेकांनी पैसे आगाऊ भरलेले असतात.

ओळखीच्या दंतवैद्यांनी आपसात करार करावा. कोणावर वेळ आलीच तर बाकीच्यांनी पाळीपाळीने तिथे बसायचं, दवाखाना विकला जाईपर्यंत. अमेरिकेत असे गट आहेत. कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे तर दंतवैद्याचा मृत्यू झाला किंवा तो अक्षम झाला तर 12 महिन्यांपर्यंत दवाखाना चालू ठेवता येतो, फक्त उपचार परवानाधारकानेच करायचे.

रानवारा
असहमत. पेशंट त्या माणसाच्या हातावर विश्वास ठेवून आलेला असतो, पाटीवर नाही. दुसऱ्याने सुरू केलेलं रूट कॅनाल मी पूर्ण केलं आणि पुढे दात काढावा लागला, तर जबाबदार कोण? आधीच्या एक्स-रेत आत तुटलेली फाइल (मुळाची नळी साफ करायची बारीक सुई) दिसली तर पेशंटला ते मलाच सांगावं लागणार, आणि ज्याच्याबद्दल सांगायचं तो उत्तर द्यायला नाही. त्यापेक्षा सगळ्यांना कळवा, कागद आणि एक्स-रे ज्याचे त्याला द्या, उरलेले आगाऊ पैसे परत करा, चांगल्या दंतवैद्याचं नाव सुचवा आणि सन्मानाने बंद करा.

पैलतीर
पैसे परत कशातून करणार? खातं गोठलेलं, सहायकांचे पगार थकलेले, लॅबची बिलं आलेली. दवाखान्याची किंमत खुर्ची आणि कॉम्प्रेसरमध्ये थोडीच असते; ती येणाऱ्या पेशंटांत असते. दार बंद राहिलं की ते पांगतात, अनुभवी सहायक दुसरीकडे लागतात, आणि कुटुंबाच्या हाती जुनं सामान उरतं. जबाबदारीचा तुमचा मुद्दा मात्र रास्त आहे. बसणाऱ्याने पहिल्याच भेटीत नवा एक्स-रे काढून, दाताची स्थिती नोंदवून पेशंटची सही घ्यावी. विम्याचं करारात आधीच लिहावं.

सांजसावली
मी दंतवैद्य नाही, पण माझ्या भावाचा दवाखाना होता, म्हणून लिहिते. मृत्यूनंतर निदान काय झालं ते सगळ्यांना कळतं. आजारपणात तेच कळत नाही. दादाचा उजवा हात गेला तेव्हा तो म्हणायचा, “दोन महिन्यांत बसतो बघ.” त्याच्यासमोर विक्रीचा विषय कोण काढणार? पुढे त्याला नीट बोलता येईना, सह्या करता येईनात. साधं मुखत्यारपत्र अशा वेळी अनेक ठिकाणी निरुपयोगी ठरतं, आणि मृत्यूनंतर तर ते संपतंच. मित्र मदतीला यायला तयार होते, पण अपॉइंटमेंटच्या कॉम्प्युटरचा पासवर्डसुद्धा कोणाकडे नव्हता. चालू ठेवा की बंद करा, हा वाद नंतरचा. ठरवायचा अधिकार कोणाला, ते आधी लिहा.

रानवारा
ताई, हे पटलं. म्हणूनच मुदत हवी असं वाटतं. डॉक्टर अमुक महिने काम करू शकले नाहीत आणि त्यांच्यावर उपचार न करणाऱ्या तटस्थ वैद्याने तसं लिहून दिलं, की निर्णय कुटुंबाकडे. पण ज्यांचे उपचार सुरूच झाले नाहीत, त्यांना थांबवून ठेवू नये यावर मी ठाम आहे. गिऱ्हाईक दाखवून किंमत वाढवण्यासाठी पेशंट धरून ठेवणं मला मान्य नाही.

पैलतीर
नवे पेशंट घ्यावेत, पण “मूळ डॉक्टर आता नाहीत” हे फोनवरच सांगून. ते ऐकूनही जो येईल, त्याला परत पाठवण्याचं कारण मला दिसत नाही.