कॅरॅव्हानचं इंजिन: आधी आत बघा
सेसना कॅरॅव्हान या छोट्या विमानाचं ६७५ अश्वशक्तीचं पीटी६ इंजिन ३६०० तासांच्या मर्यादेला आलं, की ओव्हरहॉल (पूर्ण उघडून दुरुस्ती) करायचं का त्याजागी ९०० अश्वशक्तीचं हनीवेल टीपीई३३१ इंजिन बसवायचं? माझं मत विचाराल तर आधी बोरस्कोप, म्हणजे बारीक नळीचा कॅमेरा, आत घालून टर्बाइनची पाती बघा. कडा जळलेल्या असल्या तर ओव्हरहॉलचं बिल कुठच्या कुठे जातं, मग बदलाचा हिशेब जमू शकतो.

पण फरक नुसत्या ताकदीचा नाही. हनीवेलमध्ये टर्बाइनपासून प्रॉपेलरपर्यंत सगळं एकाच शाफ्टला जोडलेलं. पॉवर लिव्हर पुढे केला की झटकन ओढ मिळते, हे फार मोठं सुख. मात्र इंजिन बंद करताना प्रॉपेलरचे स्टार्ट लॉक (पाती सपाट कोनात अडकवून ठेवणाऱ्या खिट्ट्या) लावायचे राहिले, तर पुढच्या स्टार्टला अडचण ठरलेली. आणि जमिनीवरचा तो कर्कश आवाज!

चाकांऐवजी पाण्यावर तरंगणारे फ्लोट लावून छोट्या तळ्यातून उडणार असाल तर खुशाल बदला. लांब धावपट्टी असेल तर मी पीटी६च ठेवीन.